प्रार्थनेचा विषय

“प्रभू, मला येथून ने. तशी तुझी इच्छा नसेल, तर तीन वेळच्या भातातून निदान एक वेळची भाकरी दे.”

प्रयोगशाळा रिकामी आहे, अशी माझी समजूत होती. आणि चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या त्या मिशन शाळेत मराठी कळणारे कोणी नाही, याची तर खात्रीच होती. त्यामुळे मी मोठ्याने बोललो. आमच्या ख्रिस्ती मंडळीत प्रार्थना अशीच करतात — उघड, समोरच्याशी बोलावे तशी. माणसांपुढे ज्याची जीभ जड होते, अशा माझ्यासारख्याला तेवढा एकच श्रोता झेपत असे.

“चपाती चालेल का, विचारा त्यास,” रसायनांच्या कपाटामागून आवाज आला. “भाकरी ह्या गांवांत मिळायची नाहीं.”

आणि ती पुढे आली. हातात ओली परीक्षानळी, वेणीत मोगरा, ओठांवर दाबून धरलेले हसू.

“तुम्हाला... मराठी येते?”

“आमच्या घरीं तीच. आम्ही तंजावरचे. आजोबांचे आजोबाही इकडलेच, भाषा तेवढी तिकडली.” तिने मान कलती केली. “मी कनका. केमिस्ट्री. तुम्ही नवे फिजिक्स सर. आणि आल्या आल्या देवाकडे बदली मागतां.”

“सगळे ऐकलेत?”

“देवानें ऐकलें कीं नाहीं, ठाऊक नाहीं. मीं ऐकलें.”

श्रीरामपूरजवळच्या आमच्या लहानशा मंडळीने मस्तकावर हात ठेवून मला शिक्षक-मिशनरी म्हणून चेन्नईला धाडले होते. नकाशावर देश एकच. पण बसच्या पाट्यांवरची ती गोल, आपल्यातच मिटलेली अक्षरे पाहिली की मला समुद्र ओलांडून आल्यासारखे वाटे. मुले माझ्या तमिळला हसत. अंगावरचा घाम रात्रीही वाळत नसे. आणि संध्याकाळी लोकलचा भोंगा दूर जाऊ लागला की वाटे, सगळे कोठेतरी आपल्या माणसांकडे निघाले आहेत.

मग हळूहळू हे शहर मला कनकाच्या आवाजात कळू लागले. कंडक्टरला काय म्हणायचे, रिक्षावाल्याकडे कसे पाहायचे, पेल्यातली कॉफी दवऱ्यात, त्या खोलगट वाटीत, उंचावरून कशी ओतायची... “दहीभात शेवटीं,” ती सांगे, “म्हणजे आधीं कोणावर रागावलां असाल, तो उतरतो.” मी निमूटपणे शिकत गेलो. भात मला आवडू लागला, हे मी तिला फार उशिरा सांगितले.

रोज सकाळी घंटा होण्याआधी ती विचारी, “आज काय मागितलें?”

“पाऊस.”

“आणखी?”

“आणखी... सांगण्यासारखे नाही.”

“देवास सांगतां, मज नाहीं? मी काय, कमी ऐकतें?”

मी खाली पाहत राही आणि भिंगे पुसत राही. कोणत्याही शाळेत भिंगे इतकी स्वच्छ नसतील.

दर रविवारी उपासना संपली की मंडळी मला फोनवर बोलावून घेई आणि मी प्रार्थनेचे विषय, म्हणजे कोणासाठी काय मागावे ते, सांगे. असेच एकदा माझ्या तोंडून निघून गेले — “कनका नावाच्या एका शिक्षिकेसाठी.” तिचे नाव कोणापुढे तरी उच्चारावे, इतकीच माझी हौस. पण मिशनऱ्याने परधर्मातल्या माणसाचे नाव कारण न सांगता घेतले, तर मंडळी त्याचा एकच अर्थ लावते. हे त्या क्षणी मी साफ विसरलो.

पुढच्या रविवारी विज्ञान-प्रदर्शनाच्या तयारीसाठी आम्ही दोघे शाळेत होतो. कनका लिटमसच्या पट्ट्या कापत होती. फोन टेबलावर होता, स्पीकर चालू. महिला मंडळाच्या रत्नप्रभाबाई तिकडून प्रार्थना करीत होत्या :

“आणि बापा, त्या कनकाबाईचे मन तू आपल्याकडे वळव. आमच्या देवेशच्या हाताला यश दे. हे पहिले पीक त्याच्या पदरी पडू दे.”

कात्री थांबली. मी फोन बंद केला, पण जे ऐकायचे ते ऐकून झाले होते.

“पीक,” कनका शांतपणे म्हणाली.

“कनका मिस, ते तसे नाही...”

“वाटलें, माझें बोलणें तुम्हांस आवडतें. तें तुमचें काम होतें होय?”

“नाही.”

“मग माझें नांव तेथें कोणीं नेलें?”

ती उठली. दारापाशी थांबून म्हणाली, “आमच्या घरीं देव आहे, सर. त्यास सोडायचें माझ्या मनांत नाहीं.”

तो सगळा आठवडा ईशान्येचा पाऊस कोसळत होता. कनका समोरून येई, “गुड मॉर्निंग, सर” म्हणे आणि जाई. कॉफी एकटी पिई. मी प्रार्थनेला डोळे मिटून उभा राही, आणि शब्द येत नसत. पण त्या मुकेपणात एक गोष्ट मला लख्ख दिसली — मला येथून जायचे नव्हते. ही नोकरी राहो वा जावो. जेथे ही मुलगी आहे, तेथे माझे घर होते.

शनिवारी मी तिला जिन्यात गाठले.

“उद्या उपासना संपण्याच्या वेळी प्रयोगशाळेत या. काही बोलू नका. फक्त ऐका.”

“पुन्हा ऐकूं?”

“पुन्हा.”

ती आली. दारातच उभी राहिली, चपला पायांत, छत्री गळत. या वेळी फोनच्या पडद्यावर सारी मंडळी दाटीवाटीने बसलेली दिसत होती, पुढे पाळकसाहेब.

“मला एक विषय मागे घ्यायचा आहे,” मी म्हणालो. “कनकाचा.”

असे कोणी कधी केले नव्हते. रत्नप्रभाबाई पुढे झुकल्या. “का रे बाळा? मन फार कठीण आहे का तिचे?”

“मन उत्तम आहे तिचे. ते कोणाकडेही वळवू नका. ती आपल्या देवापुढे दिवा लावते, तो तिने लावावा. मी तिचे नाव घेतले, कारण...” जीभ जड झाली. छत्रीतले पाणी फरशीवर टपटपत होते. “कारण माझे तिच्यावर प्रेम आहे. ते तुमच्यापासून लपवून मला येथे शिकवायचे नाही.”

पाळकसाहेबांनी पुढ्यातले पवित्र शास्त्र मिटले.

“देवेश,” पाळकसाहेब सावकाश म्हणाले, “हे मला कमिटीपुढे न्यावे लागेल. तुला परत बोलावतीलही.”

“न्या, साहेब. मला सेवेतून काढले, तर दुसऱ्या शाळेत शिकवीन. पण याच शहरात.”

“आणि तिला?” रत्नप्रभाबाईंनी विचारले. “तिला हे ठाऊक आहे?”

“आत्ता कळले.”

“म्हणजे आख्ख्या मंडळीला आधी सांगितलेस, आणि मुलीला नाही?” त्यांनी कपाळाला हात लावला. “अरे वेड्या, फोन ठेव आधी.”

मी फोन ठेवला. कनकाने छत्री मिटली, चपला काढल्या आणि ती टेबलापर्यंत आली.

“मी माझा देव सोडणार नाहीं.”

“मागत नाही.”

“तुमचा सोडा म्हणून सांगणारही नाहीं.”

“ठाऊक आहे.”

“अप्पा ओरडतील. फॅक्टरींत फोरमन होते, मोठा आवाज आहे.”

“ऐकेन.”

“अम्मा रडेल.”

“त्यांच्याजवळ बसेन.”

“आणि आमच्या घरीं तीन वेळ भात.”

“दोन वेळा वाढा,” मी म्हणालो, “तिसऱ्या वेळी मी मागून घेईन.”

ती हसली, आठवडाभरात प्रथमच. मग तिने आपला फोन काढला, आणि माझ्यावरची दृष्टी न हलवता घरी लावला.

“अप्पा, जेवायास एक माणूस घेऊन येतें... हो, तेच फिजिक्सचे सर...”

पलीकडून काहीतरी विचारले गेले. अप्पांचा आवाज खरोखरच मोठा होता. मला टेबलाच्या या बाजूलाही ऐकू येत होता.

“नाहीं, अप्पा,” ती म्हणाली, आणि तिने माझा हात धरला. “सहज नाहीं.”