पिवळ्या रेषेच्या आत

मी धानोऱ्याला सासरी आले होते. जेवणं आटोपून सगळे शेकोटीभोवती बसले होते. शेजारचे देवाजीभाऊ ऊर्जानगरच्या वीज केंद्रातून रिटायर झालेले फिटर. म्हणाले, "अजीमची गोष्ट सांगू? खरी हाय. माह्याच हाताखाली शिकलेला पोरगा."

बाळाला घेऊन मी आत जायला हवं होतं. पण केमिस्ट्रीत एम.एस्सी. झालेली सून भुताला भिऊन उठली, असं दिसू नये म्हणून बसले.

"मूल गावच्या रोडवर एक राईस मिल होती. बंद पडली, मंग एका कंपनीनं घेतली. आत फरशा, काचा, एसी. केमिकलची लॅब केली. काम कराले मानूस नाईच. एक लोखंडी हात. तोच बाटली उचलते, तोच मिसळवते, रातभर."

"रोबो," माझी नणंद पुनम म्हणाली.

"हो, तेच. अजीम तिथी वायरमन, तीन वर्षांपासून ठेक्यावर. साहेब त्याले म्हणे, चोवीस तासाची ट्रायल पास झाली तं तू परमनंट. दोन मिनिटाच्या वर हात थांबला तं घरी जा. चौदा डिसेंबर, शनिवार. संध्याकाळी डबा घेऊन पोरगा ड्युटीवर गेला. राती दोन वाजून दहा मिनिटांनी हात थांबला."

"काऊन थांबला?" पुनमनं विचारलं.

"हाताभोवती जमिनीवर पिवळी रेषा हाय. तिच्या आत मानूस आला का हात आपोआप थांबते. स्क्रीनवर आलं, आत माणूस आहे."

"कोण होतं?"

"कोणी नाई."

देवाजीभाऊंनी एक काटकी आगीत सरकवली.

"त्या रेषेखाली मिलचा हौद होता. धान उकडाचा. कंपनीनं बुजवला. पंधरा-वीस वर्षांमांगं त्याच्यात सोमारी पडली, मजूर बाई. ओरडे, भाऊ, वाफ बंद करा. मालक म्हणे, मधीच बंद केली तं धान नासते. उकडून झाल्यावरच काढली तिले."

मी बाळाचं पांघरूण सारखं केलं.

"अजीमनं साहेबाले फोन लावला. साहेब म्हणे, सेन्सर बायपास कर."

"सेफ्टी सेन्सर असा बायपास करता येत नाही," मी म्हटलं. स्वतःला धीर द्यायलाच बहुधा.

"तुमच्या पुस्तकात नसन येत, बाई. पक्कड लावली का येते. दीड मिनिटात अजीमनं वायर जोडली. हात फिरला. अन् हवेत... धडकला. समोर कोणी नाई. आवाज आला. ओल्या पोत्यावर लाठी पडते ना, तसा. मंग परत. परत. मंग बाईचा आवाज... भाऊ... बंद करा..."

देवाजीभाऊंनी हात शेकोटीपुढे धरले.

"लाल बटनावर अजीमचं बोट होतं. टेकलेलं. दाबलं का सगळं बंद."

"दाबलं?" पुनमनं विचारलं.

देवाजीभाऊंनी निखारे सारखे केले.

"भाऊ, दाबलं का?"

"नाई. हात वाकला. रिकाम्या जागेतून काहीतरी उचललं. जड. कापत कापत नेलं. वजनाच्या काट्यावर ठेवलं. मंग परत वाकला. या खेपेले... हळूच."

"मग?"

"मंग काय. ट्रायल पास. साहेबानं पेढे वाटले. अजीम परमनंट झाला. आजबी तिथीच ड्युटीवर हाय."

"एवढंच?" पुनम हसली. पण हसू लवकर संपलं.

"तो काटा चिमूटभर पावडर मोजाचा. पाव किलो ठेवलं तं बिघडते. सकाळी त्याचा कागद निघाला. अजीमनं आणून दाखवला, म्या माह्या डोळ्यानं पाह्यला. दोन वाजून सतरा मिनिटं. एकेचाळीस किलो."

मांडीवर बाळ झोपेत चुळबुळलं.

"त्याच्याखाली अजून एक ओळ होती. दोन अठराची. सोमारीसंगं कोणी होतं, असं मिलमधी कोणीच कधी सांगतलं नव्हतं..."

"किती?" मीच विचारलं.

"दोन किलो आठशे."