सहदेवच्या गाडीतली बॅटरी

पहाटे साडेचारला पाच वर्षांच्या मुलीला घेऊन निघावं की नाही, या एका काळजीने मी त्या रात्री कमळाकरमामांच्या घरात टक्क जागी होते. हे माझ्या नवऱ्याचे, रत्नदीपचे मामा. भिवपुरीच्या वीजघरातून निवृत्त झालेले. रत्नदीपची रसायनीत रात्रपाळी, म्हणून नवा तांदूळ आणायला मी आणि रिया दोघीच रविवारी गाडी घेऊन आलो होतो. संध्याकाळी परत फिरायचं होतं. पण गाडीने दुपारीच मान टाकली.

खरं तर ती आठवडाभर सांगत होती. पडद्यावर पिवळी अक्षरं यायची, छोटी बॅटरी कमी आहे म्हणून. विजेच्या गाडीची बॅटरी म्हणजे खाली बसवलेली मोठी, एवढंच मी धरून चालले होते, आणि ती तर ऐंशी टक्के भरलेली. मी फिजिक्स घेऊन बीएस्सी झालेय आणि शाळेत विज्ञान शिकवते. हे इथे लिहायला नको होतं.

मामांचं फाटक उघडायला उतरले आणि सवयीने कुलपाचं बटण दाबलं. माझा हातच तसा आहे. सिग्नलला कोणी काचेजवळ आलं की आधी बटण, मग विचार. फाटक उघडून वळले तर गाडी मेलेली. रिमोट कितीही दाबला तरी कुलूप उघडेना. रिया आत, मागच्या सीटवर, पट्ट्यात, उन्हात. ती दोन्ही तळहात काचेवर आपटत होती. तोंड उघडं दिसत होतं, आवाज बाहेर येत नव्हता. मी काच फोडायला दगड उचलला, तेवढ्यात मामा धावत आले. त्यांनी माझ्या हातातून रिमोट घेतला आणि त्याच्या पोटातून एक साधी लोखंडी किल्ली ओढून काढली. ती तिथे असते हे मला ठाऊक नव्हतं.

रिया घामाने निथळत बाहेर आली आणि रडता रडता म्हणाली, बाहुलीचा पट्टा राहिला. आमच्या घरचा नियम आहे, पट्टा लावल्याशिवाय गाडी हलत नाही. माझ्या भित्रेपणातून आलेला नियम. रियाने तो बाहुल्यांपर्यंत नेलाय. शेजारच्या सीटचा पट्टाही तीच लावते.

मामांनी बॉनेट उघडलं. "मोठी कितीबी भरलेली असू दे," ते म्हणाले, "तिला उठवायला हिनं हाक मारावी लागते. हिच्यात तेवढा पन जोर उरला नाय." रविवार, गॅरेज बंद; मेकॅनिक शोधण्यात संध्याकाळ झाली. मग तेच पडवीतून दुसरी छोटी बॅटरी घेऊन आले, जुनी काढून ती बसवली. गाडी लगेच जागी झाली. पण तोवर अंधार पडला होता, आणि ते काही निघू देईनात. सकाळी सातला माझ्या वर्गाची परीक्षा, पेपर माझ्या घरी. पहाटे निघायचं ठरलं.

जेवणं झाल्यावर ठकूमामींनी रियाला आत नेऊन निजवलं. ओटीवर मामा, त्यांचा कॉलेजात जाणारा नातू ऋतिक आणि मी. ऋतिकने सहज विचारलं, आजा, आपल्याकडे गाडी नाय, मग ही बॅटरी कुठली?

मामांनी आधीच सांगून टाकलं की आपण भूतबित मानत नाही. त्यांच्या आज्याने छप्पन साली देव सोडले, त्यांच्याबरोबर भुतंही सोडली. पण सहदेवची गोष्ट त्यांनी स्वतः पाहिलेली होती.

सहदेव शेजारच्या गावातला. गाडी माझ्या गाडीसारखीच, विजेची. कर्जत स्टेशनवरून पाहुण्यांना फार्महाऊसवर सोडायचा. मागच्या वर्षी, तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, रात्री सव्वाअकराला तो चौककडून रिकामा परत येत होता. रस्त्यात, आमच्याही रसायनीच्या वाटेवर, एक मोरी लागते. मोरीवर दोन मोटरसायकली आडव्या लावलेल्या, आणि उजेडात चौघे जण एका पोराला मारत होते. तिघांकडे दांडे, एकाकडे चाकं खोलायचा मोठा पाना. पोराचं नाव साईराज. एका फार्महाऊसवर कामाला होता, पंप चोरल्याचा आळ आला होता. पंप नंतर मालकाच्याच शेडात सापडला, हे मामांनी मध्येच सांगितलं आणि ओटीखाली थुंकले.

पोरगा त्यांच्या हातून सुटला. गाडीकडे धावला. एक हात कोपरातून उलटा लोंबत होता. दुसऱ्या हाताने तो काच बडवायला लागला. दादा, दार उघड. दादा, दार उघड.

"सहदेवनं बटण दाबलं," मामा म्हणाले. "कुलपाचं."

माझा हात मांडीवर होता. मी तो दुसऱ्या हाताखाली घेतला.

त्या चौघांनी पोराला पाय धरून ओढलं. तळहात काचेवरून घसरत खाली गेला. मग गाडीच्या उजेडातच त्याला फोडला. आधी दुसरा हात. मग बरगड्या. शेवटी पाना तोंडावर. बॉनेटवर काहीतरी खडीसारखं उडालं. ते दात होते. सहदेवने गाडी मागे घेतली आणि पळाला.

सकाळी पोरगा मोरीखाली मिळाला. सहदेवने सगळ्यांना सांगितलं, छोटी बॅटरी बसली होती, कुलूप जाम झालं, दार उघडलंच नाही. पोलिसांनी तसंच लिहून घेतलं. पण पोराची आई, आनंदीबाई, त्याच्या दारात आली. रडली नाही. शिव्या दिल्या नाहीत. तिने एवढंच विचारलं, "बॅटरी बसली व्हती, तर गाडी घरी कशी आली रं?"

सहदेवने दार लावून घेतलं.

त्यानंतर त्याची बॅटरी खरोखर बसायला लागली. दुसरीकडे कुठे नाही. मोरीपाशीच. त्याने नवी घातली, ती बसली. आणखी एक घातली, तीही. दर वेळी मामा दुसऱ्या बॅटरीचा करंट द्यायची जंपरची वायर घेऊन जायचे.

"मी मीटर लावला व्हता गं. बॅटरी ठणठणीत. गाडी मेलेली."

"मग?" ऋतिकने विचारलं.

मग माघातल्या एका रात्री मामांना सहदेवचा फोन आला. मामा, कोणीतरी मारतंय... एवढंच बोलला. मागे आवाज येत होते. दांडा अंगावर बसल्याचे. एक. थांबून दुसरा. सहदेव ओरडत होता, उघडतो, उघडतो, दार उघडत नाय...

मामा मोटरसायकलवरून गेले. गाडी मोरीवर काळोखात उभी होती. कुलूप आतून. बाहेर ओरखडा नाही. काचेला तडा नाही. सहदेवने त्यांच्याकडे देऊन ठेवलेल्या लोखंडी किल्लीने त्यांनी दार उघडलं. सहदेव सीटवर होता. दोन्ही हात मोडलेले. जबडा एका बाजूला गेलेला. दात मांडीवर पडलेले.

"आन काचेवर एक तळहात. रक्ताचा." मामा थांबले. "आतल्या बाजूनं. सहदेवचे हात तर उचलत नव्हते..."

अंगणात माझी गाडी उभी होती.

सहदेव वाचला, पण बोलत नाही. गाडी भंगारात गेली. त्याच्या बायकोने मामांना निरोप पाठवला होता, बॅटरी तेवढी काढून न्या. दोन महिनेसुद्धा वापरलेली नव्हती. मामांना टाकवली नाही.

"पोरीला पहाटे पाठवायचंय आन काय सांगत बसलाय," मामी आतून म्हणाल्या.

मामा माझ्याकडे बघत नव्हते. "वस्तूला काय कळतं," ते म्हणाले. मग उठता उठता, हळू आवाजात, "पन मोरीपाशी कोणी दार वाजवलं... तर बटण नको दाबू, पोरी."

रात्रभर मी रियाचा श्वास मोजत पडून होते. बारा व्होल्टला आठवण नसते, असं मी स्वतःला अनेकदा सांगितलं. मामा सकाळी टेंपो बघतो म्हणाले होते, पण टेंपो सहाच्या आधी मिळाला नसता. सगळ्यात भीती वेगळ्याच गोष्टीची होती. त्या सहदेवच्या जागी मी असते तर काय केलं असतं, ते मला अगदी नीट माहीत होतं.

साडेचारला निघाले. तांदळाचं पोतं डिकीत. रिया मागे, अर्धवट झोपेत, पट्ट्यात. बाहुली तिच्या मांडीवर. कर्जत मागे पडलं. धुकं होतं. मोरीचे पांढरे कठडे दिसले.

गाडी मेली.

दिवे गेले. पडदा गेला. ती चार हात पुढे घरंगळली आणि थांबली.

मग मार ऐकू आला. जवळच. दांडा मांसावर बसतो तो आवाज. दिसत काहीच नव्हतं. एक. दुसरा. हाड मोडल्याचा एक कोरडा आवाज. मग पावलं. फरपटत येणारी.

माझ्या शेजारच्या, डाव्या काचेवर तळहात आपटला.

माझं बोट बटणावर होतं. कधी गेलं, कळलं नाही. मी ते दाबलं... दोनदा दाबलं. मेलेल्या गाडीत ते बटण नुसतं प्लास्टिक होतं. कुलूप तसंही लागलेलंच होतं.

तळहात पुन्हा आपटला. हळू. दुपारी रिया आपटत होती तसा. हाक आत येत नव्हती.

मी डावा हात मागे नेऊन रियाचं पाऊल घट्ट धरलं. डोळे मिटले. वाकून उजव्या हाताने शेजारच्या दाराची कडी ओढली. दार उघडलं. गार वारा आत आला. ओल्या मातीचा वास, आणि लोखंडासारखा दुसरा एक.

कोणी नव्हतं.

पडदा उजळला. दिवे लागले. मी दार ओढून घेतलं आणि गाडी सुसाट सोडली.

पुढच्या वळणावर टुंग टुंग सुरू झालं. मागे कोणी पट्टा न लावता बसलं की ही गाडी असाच आवाज करते. पोतं सरकलं असेल, मी म्हटलं. मग आठवलं, पोतं डिकीत आहे. आवाज वाढत गेला. आरशात बघायचं धाडस होईना.

टक.

आवाज बंद झाला.

रसायनीला आमच्या बिल्डिंगच्या दिव्याखाली गाडी लावली आणि मागे वळले. रिया जागी होती. तिच्या शेजारची सीट रिकामी होती. त्या सीटचा पट्टा लावलेला होता. रिकाम्या सीटवर पट्टा मागे चिकटून सपाट बसतो. हा पुढे आलेला होता, ताणलेला, छातीवरून आल्यासारखा.

रिया, हा कोणी लावला, मी विचारलं.

"मी लावला. त्याचे हात मोडलेत ना." तिने तोंडावर बोट ठेवून मला गप्प केलं, आणि मग अगदी हळू म्हणाली, "आई, तू उठव ना त्याला. सांग, घर आलं."