उपडी पायरी

"पाह्यलं? पाह्यलं का? पुन्हा उडी मारली!" पळसाच्या बुंध्याआडून उमरावनं बोट दाखवलं.

गंगानं धाकट्या भावाचं बोट खसकन खाली ओढलं. "हळू बोल ना! ऐकू जाईल त्याले."

तळ्याच्या नव्या घाटावरून शालीकराम मिस्त्री आंघोळ करून वर येत होता. एक एक पायरी कण्हत-कुथत चढायची, पण पाण्याजवळची ती रुंद काळी पायरी आली की धोतराचा सोगा धरून टुणकन तिच्यावरून उडी! वर वळून तिला हातही जोडायचे! बाकीचं सारं गाव त्याच पायरीवर खुशाल कपडे आपटायचं.

"गुडघ्याच्या नावानं रडणारा म्हातारा इथं हरीण होते," त्यांचा सवंगडी देवचंद म्हणाला. "दाल में कुछ काला है!" देवचंद गोंदियाला मामाकडे शिकायचा. सुट्टीत चिचगडजवळच्या या पळसटोल्यात येताना तो हिंदीची पुडी बांधून आणायचाच.

उमराव खुदकन हसला. गंगाला मात्र हसू आलं नाही. उद्या रामनवमी, आणि तिच्या डोक्यात शेजारची देवकामाय होती.

गावातून कितीतरी तरणी पोरं जर्मनच्या लढाईत गेली, त्याला आता वीस वर्षं होत आली. जी परतली नाहीत त्यांची नावं एका काळ्या दगडावर कोरून गावानं तो वेशीपाशी उभा केला होता. देवकामायचा लेक बिसराम तिकडे समुद्रापार, इराकातल्या बसऱ्याकडे लढताना पडला. ना देह आला, ना राख. माऊलीला तेवढा दगडच होता! दर रामनवमीला ती त्याच्या नावावर फूल वाहायची. डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यावर गंगा तिचा हात धरून न्यायची. म्हातारी बोटांनी नाव चाचपायची आणि तोंडभर हसायची.

गेल्या उन्हाळ्यात मालगुजारांच्या चुन्नीलाल दिवाणजीनं घाट बांधून घेतला आणि त्यानंतर दगड दिसेनासा झाला. "पुरात वाहून गेला, माय," दिवाणजी म्हणाला होता. "आता मी का पोहत जाऊन आणू?"

आज सकाळीच देवकामायनं विचारलं होतं, "यंदा फूल कुठं वाहू वो पोरी?"

तिघांनी मिस्त्रीला वाटेतच गाठलं.

"मिस्त्रीबा, त्या पायरीले पाय काऊन लावत नाई गा तुमी?"

मिस्त्री चपापला. "मले काई विचारू नका. दिवाणजीनं तोंड उघडू नको म्हणून सांगतलं हाये." चार पावलं जाऊन तो थबकला. "अक्षरावर पाय ठेवू नये, एवढंच समजते मले." आणि भराभरा निघून गेला.

"अक्षर?" देवचंदनं डोकं खाजवलं. "पायरी तर साफ गुळगुळीत हाये!"

"वरून!" गंगा ओरडली. "आन् खालून?"

तिघं घाटाकडे धूम पळाली. चैतात तळ्याचं पाणी ओसरलेलं, पायरीखालची माती धुपून चांगली कपार झालेली. उमरावनं आपला काडीसारखा हात आत घातला. "ताई! खाचा हायेत! लय खाचा!"

"ए कार्ट्यांनो!" तळ्याच्या बांधावरून, पाळीवरून दिवाणजी छत्री नाचवत आला. "का करून राहिले तिथं? पायरी हलली तर पाळ फुटंल!"

गंगानं झटकन चिखलाचा गोळा उचलला. "बैल करून राहिलो, दिवाणजी!"

"चैतात पोळा?"

"सराव नको का? मागच्या साली उमरावचा बैल बकरीसारखा झाला होता!"

"खोटं! कुत्र्यासारखा झाला होता!" उमराव चिडून म्हणाला. दिवाणजी पोट धरून हसला आणि हसत हसतच निघून गेला.

चिखल हातात होताच. गंगानं त्याची जाड पोळी थापली, उमरावनं ती कपारीत नेऊन दगडाला खालून दाबली आणि अलगद सोडवून बाहेर काढली. पोळीवर अक्षरं उमटली होती! पण वाचता येईनात.

"ही कोणती भाषा बे?" देवचंद पोळी फिरवून थकला.

"देवकामायले दाखवू," गंगा म्हणाली.

"तिले तर दिसतबी नाई!"

"म्हणूनच!"

अंगणात बसलेल्या देवकामायच्या मांडीवर गंगानं पोळी ठेवली. सुरकुतलेली बोटं ओल्या मातीवरून सरकली, थांबली, पुन्हा मागे आली.

"हा माझा बिसराम हाये," म्हातारी पुटपुटली. "पण माझा लेकरू असा उलटा काऊन झोपला वो?"

गंगाचे डोळे भरून आले. ठसा उलटाच उमटणार की! कुणाला काही न सांगता तिघं पोळी घेऊन थेट देवळात, कीर्तनाला आलेल्या घनश्यामबुवांकडे गेली.

दुसऱ्या दिवशी रामजन्माचं कीर्तन काय रंगलं म्हणता! झांजा घुमत होत्या, माणसं डोलत होती. बुवांनी सेतू बांधायचं आख्यान लावलं. "वानरांनी दगडावर रामनाम लिहिलं आणि दगड तरला! का तरला? नावामुळे! नावाचा दगड बुडत नाही, मंडळी!" बोलता बोलता बुवा पुढच्या रांगेकडे वळले. "मग दिवाणजी, तुमच्या गावचा नावांचा दगड कसा हो वाहून गेला?"

दिवाणजीनं पगडी सावरली. "पूर... मोठा होता, बुवा."

"बुवा, तो गेलाच नाई!" गंगा उभी राहिली. वाळलेली पोळी तिनं उंच धरली. "घाटाची काळी पायरी होऊन पडला हाये!"

तोच मागून शालीकराम मिस्त्री हात जोडून पुढे आला. "पोरगी खरं सांगते. घाटाले दगड कमी पडला. दिवाणजी म्हणाले, जुनाच हाये, टाकून दे. मले वाचता येत नाई, पण अक्षरावर गावाचे पाय पडतील, म्हणून तोंड खाली करून बसवला. त्याले मुकाट्यानं हात जोडत राहिलो."

दिवाणजीची मान खाली गेली. "घाई होती बाप्पा. दगड तो दगड, असं वाटलं मले. चुकलो मी."

बाराला पाळणा हलला, गुलाल उधळला आणि अख्खं गाव पहारी घेऊन घाटावर! पहिल्या पहारीला दिवाणजीनंच खांदा दिला. दगड पालथ्याचा उताणा झाला. देवचंदनं घागरभर पाणी ओतलं आणि नावं अशी लखलखली, जणू कालच कोरली! वरची बाजू धोपटण्यांनी खरवडली होती, पण नावांना ओरखडासुद्धा नव्हता.

"शालीकभाऊ, तुमीच राखलं गा माझ्या पोराले," देवकामाय म्हणाली. मिस्त्री लेकरासारखा रडला.

दगड बैलगाडीतून वाजतगाजत देवळाच्या आवारात आला. बिसराम लढाईवर जाताना घरी ठेवून गेलेलं त्याच्या पट्ट्याचं पितळी बक्कल देवकामायनं आणून दिलं. ते पाहून कुणी आपल्या शिपाई पोराची टोपी आणली, कुणी पाण्याची बाटली. मास्तरांनी शाळेच्या भिंतीतली एक दिवळी या ठेव्यासाठी मोकळी केली आणि तिची राखण तिघांकडे सोपवली.

"आजचं कीर्तन मी नाही, या पोरांनी केलं," बुवांनी तिघांच्या ओंजळीत आपल्या हारातली फुलं घातली. "गेलेल्यांचे उपकार आठवणं, हीसुद्धा पूजाच बाबांनो!"

गंगानं त्यातलं एक फूल काढून देवकामायच्या हातात दिलं आणि तिला दगडापाशी नेलं. म्हातारीची बोटं नावावरून डावीकडून उजवीकडे हळूहळू फिरली.

"आता सरळ हाये वो," ती म्हणाली आणि तोंडभर हसली.