तिनं वाढवलेला वेग

ती दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती आणि मी वरच्या दाराशी गुडघे टेकून बसलो होतो. लिफ्ट दुरुस्त करणं हा माझा धंदा. अडकलेली माणसं एकतर ओरडतात, नाहीतर देवाचा धावा करतात. ही बाई मात्र फटीतून विचारत होती, "बारीक स्क्रूड्रायव्हर आहे का तुमच्याकडे? बसल्या बसल्या एक काम उरकते."

"कसलं काम?"

"कूलरला पंखा बसवायचाय."

"आत गरम होतंय का फार?"

"मला नाही. प्रोसेसरला."

मी फटीतून स्क्रूड्रायव्हर खाली सोडला. दार उघडलं तेव्हा ती लिफ्टमध्ये मांडी घालून बसली होती. मांडीवर पातळ पत्र्यांची एक चळत, तिच्यातून आरपार गेलेल्या तांब्याच्या नळ्या, आणि नुकताच बसवलेला पंखा.

"कंप्युटरचा प्रोसेसर ठरलेल्यापेक्षा जास्त वेगानं पळवला की तापतो," ती कपडे झटकत म्हणाली. "मग हा लागतो. तिसऱ्या मजल्यावर दुकान आहे माझं."

"माझ्या घरी आहे तसा एक..." मी म्हणालो. "तापणारा."

दीड वर्षात हे मी कुणाला बोललो नव्हतो.

माझी बायको घरांचे आराखडे करायची. घर बांधायच्या आधीच त्यातून फिरून आल्यासारखी एक फिल्म ती कंप्युटरवर बनवायची. प्रोसेसर आणि ग्राफिक्सची चिप, दोन्हींचा वेग तिनं स्वतः वाढवला होता. "नाहीतर बघत बसून म्हातारी होईन," म्हणायची. म्हातारी व्हायला ती राहिलीच नाही. शेवटची फिल्म अर्धी राहिली. तिचं काम सगळं झालं होतं, उरलेलं मशीननं करायचं होतं. मी बटण दाबायचो. फिल्म दारातून आत शिरायची, स्वयंपाकघर ओलांडायची, मागच्या खोलीकडे वळायची आणि मशीन तापून बंद पडायचं. मला ती मागची खोली बघायची होती. बाकी काही नाही.

"वेग कमी करा," दुकानात ती म्हणाली. "दोन मिनिटांचं काम, तेही फुकट."

"तो बायकोनं ठरवलेला आहे. ती आता नाही."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "मग मोठा कूलर लागेल," ती म्हणाली. "कंप्युटरचं कॅबिनेट आतून मोजून आणा."

मी लिफ्टचा खड्डा मोजतो तसं मोजलं, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. कूलर बसला, पण कॅबिनेटचं झाकण काही लागेना.

"कूलर बसतो त्या बोर्डापासून मोजायचं असतं," ती म्हणाली. "तिथं काय लिफ्ट सोडायचीय?"

दुसरा नेला तो जोड टॉवरचा, म्हणजे पत्र्यांच्या दोन चळतींचा. त्याचा पुढचा पंखा रॅमच्या पट्ट्यांवर टेकला. मी पुन्हा दुकानात.

"तुम्ही मुद्दाम चुकीचं मोजता का हो?"

"नाही," मी म्हणालो. मग जिन्यानं उतरताना — लिफ्टवाला असून जिन्यानं — मी त्या उत्तराचा बराच विचार केला.

दुकानात तिला सगळे ताई म्हणत. गिऱ्हाइकं, कुरियरवाला, शेजारचा प्रिंटरवाला, गल्ल्यावर डुलक्या घेणारे तिचे बाबासुद्धा. माझ्या तोंडून तो शब्द निघत नव्हता.

"सगळे मला ताई म्हणतात," एकदा ती मान वर न करता म्हणाली. "तुम्ही नुसतेच खोकता."

"घसा खराब आहे."

"तीन आठवडे?"

"जुनं दुखणं आहे."

"औषध घ्या मग." ती पावती फाडत होती. "नाहीतर... राहू दे. मला कळतं खोकलेलं."

घरी आलो की एक ताट घ्यायचं, एक ताट विसळायचं. शेजारच्यांचा टीव्ही भिंतीतून ऐकू यायचा, त्यावर कुणीतरी सतत हसत असे. बायकोची खुर्ची तिच्या उंचीला लावलेली होती. मी तिच्यात गुडघे वर करून बसायचो. ती खाली-वर करायचा खटका कुठं आहे ते मला चांगलं ठाऊक होतं.

तिसरा कूलर बसला. मी स्वतःच बसवला, आणि मशीन पहिल्यापेक्षा लवकर तापलं. मी अख्खं कॅबिनेट उचलून दुकानात नेलं. तिनं कूलर काढला आणि बघतच राहिली.

"हे काय आहे?"

"ग्रीस. तुम्हीच तर दिलंत."

"अहो, पेस्ट आहे ती. वाटाण्याएवढी लावायची. तुम्ही किती लावली?"

"ट्यूब संपेपर्यंत. आमच्यात रुळाला ग्रीस कमी लावलं की बोलणी बसतात."

ती टेबलाची कड धरून हसली. बाबा जागे झाले. "काय गं झालं?"

"काही नाही, बाबा. यांनी प्रोसेसरला मालिश केलीय."

मग स्पिरिटचे बोळे घेऊन आम्ही दोघं तासभर ते पुसत बसलो. तिची मान माझ्या खांद्याशी वाकली होती. कानामागे तिचा एक केस पांढरा होता... मी दुसरीकडे बघितलं.

पेस्ट नीट लावली, मशीन चालू केलं. फिल्म स्वयंपाकघरापर्यंत आली. पडद्यावर तापमानाचा आकडा चढत होता. शहाण्णव. अठ्ठ्याण्णव. मग अंधार.

"कूलर चांगला आहे," ती म्हणाली. "खाली ग्राफिक्स कार्ड गरम हवा सोडतं, तीच तो वर ओढतो. तो बिचारा काय करणार?"

"याहून मोठा?"

"या कॅबिनेटमध्ये जाणार नाही." तिनं स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "मी अजून एखादा विकू शकते तुम्हाला. तुम्ही आणखी तीन आठवडे येत राहाल. मला... आवडलं असतं. पण ते खोटं होईल."

तिनं एक कागद आणि पेन माझ्यापुढे ठेवलं.

"त्यांनी लावलेले वेगाचे आकडे उतरवून घ्या. हवे तेव्हा परत लावता येतात. पण वेग कमी करायचं बटण तुम्हीच दाबायचं. मी हात लावणार नाही."

मी पाच आकडे लिहिले. दोनदा ताडून पाहिले. बटणावर बोट ठेवलं आणि ते तसंच राहिलं. ती काउंटरच्या पलीकडे जाऊन उगाचच खोकी लावत बसली. मी बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी दुकानाला सुट्टी होती. तिनं माझ्यासाठी उघडलं. कमी वेगात फिल्म सकाळपासून दुपारपर्यंत चालली. मग आम्ही दोन स्टुलांवर बसून ती पाहिली. दार, स्वयंपाकघर, वळण. मागची खोली आली.

ती रिकामी होती. पांढऱ्या भिंती, एक खिडकी, फरशीवर उन्हाचा पट्टा. बायकोनं तिथं काहीच ठेवलं नव्हतं. घर दुसऱ्या कुणाचं होतं. तिथं माझ्यासाठी काहीतरी असेल असं मला का वाटलं होतं, कोण जाणे.

"संपली?" मी विचारलं.

"संपली." ती थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिली. "खिडकी नेमकी ठेवलीय त्यांनी. ऊन पार आतपर्यंत येतं."

"ती आधी ऊन बघायची. भिंती नंतर."

"आणखी काय बघायची?"

मी सांगत गेलो. तिनं मध्ये एकदाही घड्याळ पाहिलं नाही. बोलून झालं तेव्हा चहा निवला होता आणि माझे डोळे ओले होते. त्याची मला लाज वाटली नाही.

निघताना तिनं दार धरलं. मी कॅबिनेट उचलून उंबऱ्यातच थांबलो.

"उद्या मला काही घ्यायचं नाही," मी म्हणालो. "हे मशीनही आणणार नाही. तरी... येऊ?"

"अकराला या," ती म्हणाली. "दुकान साडेअकराला उघडतं."