थापेच्या आधी

बाबा अकोल्याहून सकाळच्या गाडीनं आले, तेव्हा माझी सहकारी माहेनूर आणि मी एका नव्या बटणाशी झगडत होतो. अमरावतीच्या आमच्या कॉलेजात श्वासाची आणि नाडीची नोंद घेणारी छोटी प्रयोगशाळा आहे. माणसाच्या छातीला पट्टा बांधायचा, मधूनच एक टिक् वाजवायची, ती ऐकली की त्यानं हातातलं बटण दाबायचं. बटण यूएसबीनं संगणकाला जोडलेलं. दाबलं की पडद्यावरच्या आलेखात उभी लाल रेघ पडते. ऐकल्यावर हात हलायला किती वेळ लागला, ते त्या रेघेवरून कळतं.

पहिला माणूस म्हणून बाबांनाच बसवलं.

"पट्टा कसून राहिली का पोतं शिवून राहिली?" त्यांनी मला विचारलं.

"काका, हलू नका," माहेनूर म्हणाली. "आलेखात भूकंप दिसते."

टिक् वाजू लागली. रेघा पडू लागल्या. प्रत्येक रेघ टिक् वाजण्याच्या किंचित आधी.

"बाबा, ऐकल्यावर दाबायचं."

"वाजनारच हाये ना. मंग वाट काहून पाहू?"

बाबा आयुष्यभर भजनी मंडळात खंजिरी वाजवत आले. थाप वेळेवर पडायची तर हात आधी निघावा लागतो, असं ते नव्या पोरांना शिकवत. माहेनूर हसून हसून खुर्चीतून घसरली. भजनात ते ठीक. पण इथे टिक् कधी वाजणार हे संगणक ठरवत होता, कसल्याही तालाशिवाय. आम्हालाही ते ठाऊक नव्हतं. सेटिंगमध्ये काहीतरी चुकलंय असं धरून मी सगळं बंद केलं. मग राजकमल चौकात तिघांनी गिलावडा खाल्ला. बाबांच्या मिशीला दही लागलं होतं, ते आम्ही दोघींनीही त्यांना सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी अकोल्यात, चहा उकळेपर्यंत जरा टेकतो म्हणाले, आणि गेले.

तेरावं आटोपून मी कामावर आले. बटण सदोष असल्याचं माहेनूरनं विकणाऱ्यांना कळवून ठेवलं होतं. कुरियरवाला दुपारी ते न्यायला येणार होता. त्याआधी मी एकदा शेवटचं पाहायचं ठरवलं. जुनं सेटिंग पुसलं, बटण काढून पुन्हा जोडलं. पडद्यावर सूचना आली : उपकरण ओळखण्यासाठी बटण दाबा.

मी हात पुढे केला. तो पोचायच्या आत 'ओळख पटली' अशी अक्षरं उमटली.

"तू दाबलं?"

"माझ्या हातात चहा आहे," माहेनूर म्हणाली.

मी टिक् चालू केली. बटण टेबलावर पडलेलं. रेघ, मग टिक्. रेघ, मग टिक्. बटण खाली जात नव्हतं, त्यावरचा बारीक दिवा तेवढा लागत होता. वायर बदलली, संगणक बदलला. शेवटी टिक् बंद करून खोलीतल्या आवाजासाठी माईक जोडला. माहेनूरनं टाळी वाजवली. आलेखात आधी रेघ, मग टाळीचा उंचवटा.

तिनं पुन्हा हात उचलले, जोरात जवळ आणले आणि ऐन वेळी थांबवले.

दिवा लागला नाही.

"काकाच हायेत," ती म्हणाली. "मलेबी फसवू देत नाहीत."

मला हसू फुटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा, पोट दुखेपर्यंत. तीही हसत सुटली. मग तिनं पडद्याकडे बोट दाखवलं. माझ्या हसण्याच्याही आधी रेघ होती.

खाली कुरियरवाल्याचा हॉर्न वाजला. त्याच्याही आधी रेघ.

"रागिणी, त्याले काय सांगू?"

बटण परत दिलं तर नवं आलं असतं. ऐकल्यावर चालणारं. मला ते नको होतं.

"दुरुस्त झालं म्हणून सांग."

"हे दुरुस्त आहे?"

ती चपला घालून खाली गेली.

खिडकीतून ऊन थेट टेबलावर आलं होतं. मी पंखा बंद केला. माईकची रेषा सपाट झाली. खोलीत फार बरं वाटत होतं, कोणी नुकतंच जेवून उठलं असावं तसं.

आमच्या घरी मनातलं बोलायची रीत नव्हती. फोनवर 'जेवले का' विचारलं की त्यात सगळं आलं, असं दोन्हीकडे धरलेलं. शिकायला बाहेर पडल्यापासून तर मी बाबांशी आमची बोलीही बोलत नव्हते. आताही मला काही बोलायचं नव्हतं. ओठ मिटून मी नुसती बसले होते.

दिवा लागला.

लाल रेघ पडली.

तिच्यापुढे माईकची रेषा सपाटच सरकत होती. पाखरू नाही, पाऊल नाही. रेघ एकटीच उभी.

मग मला माझाच आवाज ऐकू आला.

"बाबा, माहा तुमच्यावर लय जीव हाये."