दोन थाळ्या बर्फी

"एका थाळीचे चार तुकडे करा, दुसरीचे सहा. आन सुरी सरळ चालवा!"

जानेफळच्या शाळेत नव्यानंच रुजू झालेल्या मंजुश्री मॅडमनं असं फर्मावलं, तेव्हा मिठाईच्या दुकानातला हरिओम तिच्याकडे पाहतच राहिला.

"एवढाले तुकडे? पाहुणे राक्षस हायत का?"

"पाचवीची पोरं हायत. अपूर्णांकांची बेरीज शिकवायची हाय. सांगा, इथला एक न तिथला एक मिळून किती?"

"सोपं हाय! एक न एक दोन, चार न सहा दहा. दहापैकी दोन." बाई गं, केवढ्या ऐटीत सांगितलं त्यानं!

"सपशेल चूक! पाव थाळीत भर घातली, न ती पावाहून कमी झाली? मधातच बर्फी खाल्ली वाटते तुमी…"

हरिओमचे कान लाल झाले. "मंग… कसं?"

"आधी तुकडे सारखे करा. चारातल्या एकेकाचे तीन, सहातल्या एकेकाचे दोन. दोन्हीकडं बारा. आता तीन न दोन, बारापैकी पाच!"

"चोवीस केले तर?"

"चालते. पण उगा भुगा काऊन करता? दोघांले जमते असा लहानात लहान आकडा धरायचा."

त्यानंतर पाचवीच्या पोरांना या ना त्या कारणानं बर्फी लागूच लागली. एक दिवस सुरी बाजूला ठेवून हरिओमनं विचारलं, "लग्न करता… माह्याशी?"

मंजुश्री तिथल्या तिथं हो म्हणाली असती. पण त्याची आई, सरस्वतीबाई, आतून बाहेर आल्या. "बौद्धाघरची सून चालते मले. पण लग्नात ताटातल्या तांदळावर नवं नाव लिहायचं. अर्पिता."

मंजुश्रीची मान ताठ झाली. "मंजुश्री हे नाव माह्या बाबांनं ठेवलं. ते मी सोडणार नाही… ह्यांच्यासाठीही नाही." म्हणाली खरी, पण डोळे भरून आले. हा माणूस तिला हवा होता हो!

हरिओमनं आईपुढं थाळी सरकवली. "आई, चाराचे बारा झाले, सहाचेही बारा झाले. दोघंही बदलले, पण बर्फी कोणाची कमी झाली का? मंग हिलेच काऊन बदलवतं?"

"मंग करावं तरी काय?"

"दोघांले जमते असं लहानात लहान. मेहकरले रजिस्टर लग्न, कचेरीत दोन सह्या. ज्याची त्याच्या नावानं."

सरस्वतीबाई एक तुकडा उचलत म्हणाल्या, "बर्फी तरी आपल्याच दुकानची न?"

"हाव!"

कचेरीत तिनं ठसठशीत सही केली, मंजुश्री नागसेन इंगळे. आणि बाहेर थाळी घेऊन सरस्वतीबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवून सांगत होत्या, "घ्या, तोंड गोड करा! माह्यी सून… मंजुश्री मॅडम!"