कीर्तनाच्या नावाचा टंबलर

"मॅडम, कीर्तनाला तुम्ही कुठल्या गोळ्या देत होता?"

फोनवरचा आवाज तरुण होता, घाबरलेला होता आणि जरा उर्मटही होता. डॉ. अंबुजांनी समोरच्या पेशंटला हातानंच थांबवलं.

"गोळ्या? एकही नाही. लावायचं मलम आणि साबण, बस. का?"

"मी डॉ. कार्तिक, शोळिंगनल्लूरच्या हॉस्पिटलमधून. ही मुलगी चार दिवस सिरुसेरीत, कंपनीच्या मुक्कामी ट्रेनिंगला होती; आज सकाळी कोसळली. पर्समध्ये तुमचं कार्ड सापडलं. तीन बाटल्या सलाइन गेलं, पण ब्लडप्रेशर सत्तरच्या वर येत नाही. ती हातची जाईल, मॅडम."

अंबुजांनी दवाखाना तिथंच बंद केला आणि कीर्तनाचा केसपेपर घेऊन टॅक्सीत बसल्या.

चोवीस वर्षांची मुलगी, आणि दीड वर्ष चेहऱ्यावरच्या मुरुमांनी जीव नकोसा केलेला. अंबुजांनी काय करायचं बाकी ठेवलं होतं? उशीचे अभ्रे बदलायला लावले. खोबरेल तेल बंद, कँटीनचं तळण बंद, मैत्रिणीनं दिलेलं गोरं करणारं क्रीम कचऱ्यात. रक्ताच्या तपासण्या झाल्या. कशाचीच मात्रा चालली नाही.

केसपेपरवर त्यांच्याच अक्षरात एक वाक्य तीनदा होतं: 'रविवारी मुलगी बघायला येणार.' तिन्ही वेळा कीर्तना आठवडाभर आधी रडत आली होती. तिन्ही वेळा मुलाकडून नकार आला आणि महिन्याभरात चेहरा आपोआप निवळला. चौथा मुलगा कुंभकोणमचा. तो म्हणाला, मुरुमांचं काय एवढं? निश्चय झाला, लग्न ठरलं. त्यानंतरच्या सहा महिन्यांत मात्र चेहरा एकदाही निवळला नाही.

लग्नाची काळजी, दुसरं काय, असं म्हणून अंबुजा मोकळ्या झाल्या होत्या.

कीर्तना पडद्याआडच्या खाटेवर होती. ओठ सुकलेले, डोळे अर्धवट मिटलेले. अंबुजांनी तिच्या खांद्यावरचा गाऊन खाली ओढला.

पाठ, छाती, दंड. सगळीकडे पुळ्या, मोहरी पेरल्यासारख्या एका मापाच्या. साध्या मुरुमांत एक पिकलेला असतो, एक वाळत असतो, मध्ये काळे ठिपके असतात. इथं सगळ्या एकाच वयाच्या. पोटावर जांभळे पट्टे. हातपाय काटक्या आणि तोंड तेवढं गोल. दीड वर्ष त्या फक्त चेहराच बघत आल्या होत्या. त्यांना स्वतःची विलक्षण लाज वाटली.

"कार्तिक, हायड्रोकॉर्टिसोन. शंभर. आत्ता."

"स्टेरॉइड? कशासाठी?"

"कुणीतरी हिला महिनोन्‌महिने तेच देत आलंय. बाहेरून मिळत राहिलं की शरीर स्वतः बनवायचं सोडतं. चार दिवसांपासून ते एकदम बंद झालंय. टोचा आधी!"

दोन तासांनी ब्लडप्रेशर शंभरावर आलं. कीर्तनानं पाणी मागितलं.

"घरी रोज घेतेस आणि इथं घेतलं नाहीस, असं काय?" अंबुजांनी विचारलं.

"लेह्य. औषधी चाटण. होणाऱ्या सासूबाई कुंभकोणमहून पाठवतात. मी बारीक आहे ना. बरणी घरीच राहिली."

कार्तिकनं मांडीवर थाप मारली. "सापडलं! असल्या लेह्यात गोळ्या कुटून घालतात."

"केव्हापासून घेतेस?"

"निश्चय झाल्यापासून."

अंबुजांनी केसपेपरवर बोट ठेवलं. पहिल्या पुळ्या त्याच्या वर्षभर आधीच्या होत्या. तेव्हा कुंभकोणमच्या बाईंना ही मुलगी ठाऊकसुद्धा नव्हती.

"आणखी काय?"

"काही नाही. अम्माची कापी. सगळ्यांच्या कॉफीपेक्षा कडू असते, पण मला सवय आहे. माझा स्टीलचा टंबलर वेगळा. त्यावर अप्पांनी माझं नाव कोरून घेतलंय."

पर्समध्ये अप्पांचा, म्हणजे तिच्या वडिलांचा, दत्ताजींचा, छोटा फोटो होता. साठीचा माणूस, पुरीसारखा फुगलेला चेहरा, आणि गळ्यावर मुरूम. साठीत मुरूम!

"अप्पांना काय होतं?"

"दमा. जाऊन तीन वर्षं झाली."

तेवढ्यात कीर्तनाची आई, सकवारबाई, धावत आल्या. कपाळावर घाम, हातात फ्लास्क आणि कापडी पिशवी. पडद्याबाहेरच त्यांनी अंबुजांचा हात धरला. दोघींची घरं मूळची तंजावरची, त्यामुळे बाई आपल्या बोलीतच बोलल्या.

"डॉक्टरम्मा, वाचेल कीं माझी पोर? मात्रा थांबली म्हणूनच असें झालें कीं?"

तंजावरच्या घरांतून गोळीला मात्रा म्हणतात, तमिळ मात्तिरैसारखं.

"कुठली मात्रा?"

"तुम्हीं दिलेली."

"मी मात्रा दिलीच नाही, सकवारबाई. कधीच नाही."

"मग… लेह्य म्हटलें मी. लेह्य."

"बरं. मला थोडी कापी द्या. फार दमले."

पिशवीत दोन टंबलर होते. अंबुजांनी नाव कोरलेला उचलला. बाईंनी झडप घालून त्यांचं मनगट पकडलं.

"तो नक्को! तो तिचा!"

कापी अजून ओतलेलीच नव्हती. टंबलरच्या तळाशी पांढरी पूड होती.

कार्तिक पुढे झाला. अंबुजांचा आवाज चढला नाही.

"मी सांगते, चुकलं तर थांबवा. दत्ताजींना दम्यासाठी याच गोळ्या होत्या. त्यांचा चेहरा फुगला, गळ्यावर पुळ्या आल्या, हे तुम्ही रोज बघितलंत. ते गेले, पण त्यांची चिठ्ठी राहिली. त्या चिठ्ठीवर अजून गोळ्या मिळतात. कडू गोळी कडू डिकॉक्शनमध्ये कळत नाही. आणि नाव कोरलेल्या टंबलरला दुसरं कुणी तोंड लावत नाही."

"अंगावर मांस यावें म्हणून दिली! बारीक पोरीला सून कोण करील?"

"मग पाहुणे यायच्या तीन आठवडे आधी सुरू, आणि नकार आला की बंद, असं का? तारखा माझ्याकडे लिहिलेल्या आहेत. कुंभकोणमच्या मुलानं होकार दिला, म्हणून सहा महिने बंदच केल्या नाहीत. उलट वाढवल्यात. आणि आज मला पहिला प्रश्न विचारलात तो थांबलेल्या गोळीचा. गोळीचं इथं तोवर तुमच्याशी कुणी बोललंच नव्हतं."

सकवारबाई भिंतीला टेकल्या. कमरेला खोचलेली गोळ्यांची पट्टी त्यांनी स्वतःच काढून दिली.

"थोरली अमेरिकेस गेली. पोंगलाला फोन करते. हे गेले. हीही गेली तर मी कोणाशीं बोलूं? मुरुमांनीं कोणी मरत नाही, असें वाटलें मला."

"आज मेली असती," अंबुजा म्हणाल्या. त्यांना बाईंची दया आली आणि त्या दयेचा संतापही आला.

कार्तिक पोलिसांना फोन करायला गेला. अंबुजांनी पडदा सारला. कीर्तना टक्क जागी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"डॉक्टर, आता ही गोळी बंद ना?"

"नाही गं. एकदम सोडली तर परत कोसळशील. रोज मोजून घ्यायची, थोडी थोडी कमी करत. कदाचित वर्षभर."

"आणि चेहरा?"

"निवळेल."

कीर्तनानं आईकडे हात पुढे केला. सकवारबाईंनी टंबलर दिला. तिनं नर्सकडून तो विसळून घेतला, त्यात पाणी ओतून घेतलं, नर्सनं मोजून दिलेली गोळी स्वतः तोंडात टाकली आणि गिळली. मग रिकामा टंबलर आईच्या हातात परत ठेवला.

"अम्मा, हा तू घरी ने."

"रात्रीं तुझ्याजवळ कोण राहील, कण्णा, बाळा?"

"कोणी नको."

नर्सनं पडदा ओढला. सकवारबाई बाहेरच्या बाकावर बसून राहिल्या. पोलीस येईपर्यंत त्या टंबलरवरच्या अक्षरांवरून अंगठा फिरवत होत्या.